शाळेमागचा खतखड्डा

प्रिय बाटली,

हे नाव वाचून आधी तू आजूबाजूला पाहिलं असशील, कोणी खांद्यावरून डोकावत तर नाही ना म्हणून. एवढी मोठी आर्किटेक्ट, हाताखाली माणसं, आणि तिला बाटली म्हणणारी म्हातारी अजून टुणटुणीत आहे! काय करू, तुझं हजेरीतलं नाव माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना फारशी भीक घालत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दर गुरुवारी शाळेत जाते, ती शाळेमागच्या आपल्या खतखड्ड्यासाठी. मुलांबरोबर कचरा निवडायचा, ओला खड्ड्यात, सुका पोत्यात, आणि मग नळावर हात धुताना एकमेकांच्या अंगावर पाणी उडवायचं. पण हे आता फार दिवस चालणार नाही. सुट्टी लागली की खड्डा बुजवणार आहेत. वर फरशी घालून गाड्या लावायला जागा करायची आहे. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

तो खड्डा खणला गेला तो तुझ्यामुळेच, आठवतं का गं? मी मोठ्या हौसेने स्पर्धा लावली होती, जो वर्ग जास्त रिकाम्या बाटल्या आणेल त्याला खेळायला आधी सोडायचं. तू दोन पिशव्या ओढत आलीस, वेणी सुटलेली, तोंडावर जग जिंकल्याचा आनंद. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच तुझी आई दारात! शाम्पू, केसांचं तेल, भांडी घासायचा साबण, तुझ्या वडिलांचं नवंकोरं अत्तर, सगळं तू मोरीत ओतून आली होतीस. गल्लीभर फेस, आणि शेजारचे आजोबा त्यावरून घसरता घसरता वाचलेले. आई बिचारी रडावं की ओरडावं ते न कळून उभी. आणि तू मलाच विचारत होतीस, बाई, तुम्हाला रिकाम्याच हव्या होत्या ना? नंतर कळलं की अर्ध्या वर्गाने घरोघरी हाच उद्योग करून ठेवला होता. हेडबाईंनी मला असं धारेवर धरलं की विचारू नकोस. बाहेर आल्यावर मात्र चित्रकलेचे सर आणि मी पोट धरून हसलो. तेव्हापासून तू बाटली झालीस आणि माझी स्पर्धा बंद झाली. आता पोरांचे हात मातीत घालायचे, असं मी ठरवलं, आणि शिपाईमामांनी नळामागे खड्डा खणून दिला.

त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात तू केळ्याची साल पुरलीस आणि तिच्याशेजारी तुझी तुटकी लाल फणी, आधी कोणाची माती होते ते बघायला. दर आठवड्याला काडीने उकरून बघायचीस. साल काळी पडली, मऊ झाली, मग सापडेनाशीच झाली. फणी मात्र पाण्याखाली धरली की पुन्हा लालचुटुक. तू इतकी चिडलीस तिच्यावर! ‘हिला काही लाजच नाही,’ म्हणालीस. मी तासन्‌तास घसा कोरडा केला असता तरी वर्गाला एवढं कळलं नसतं. त्यानंतर वर्गातल्या पोरांनी घरी जाऊन आयांना भंडावून सोडलं, हे सडतं का, ते सडतं का. मग त्याच मातीतून कोणी न लावता भोपळ्याचा वेल उगवला, आणि बी कोणी टाकलं यावरून तुमची मारामारी. तू तर वेलाला कवटाळूनच बसलीस, कोणाला हात लावू देईनास. वेल थेट हेडबाईंच्या खिडकीत गेला, तेव्हा कुठे त्यांचा माझ्यावरचा राग उतरला. काय दिवस होते गं ते! आता ती माती हातात घेतली की मला तुम्ही सगळे फतकल मारून बसलेले दिसता, आणि डोळे भरून येतात. म्हातारपण, दुसरं काय.

आताचे मुख्याध्यापक वाईट नाहीत हो. फाटकासमोर गाड्यांची अशी झुंबड उडते की परवा एका लहानग्याला स्कूटरचा धक्का लागला. पायाला खरचटण्यावर निभावलं, पण माझ्याही काळजाचं पाणी झालं. गाड्यांना जागा हवीच, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू? पण मुलांना खड्डा जाणार हे कळलं, तर चौथीतल्या एका चष्मेवालीने त्यांना विचारलं, मग आमच्या साली कुठे जाणार? ते म्हणाले, ट्रकमधून. ती म्हणाली, आणि ट्रक कुठे जाणार? सर घड्याळ बघत ऑफिसकडे वळले. तेव्हापासून ती रोज विचारते. चिवट आहे, तुझ्यासारखीच.

आता खरं सांगते, हे पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात सरांनी आम्हाला नव्या जागेचा नकाशा दाखवला आणि अभिमानाने म्हणाले, आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनीने काढून दिलाय, शाळेवरच्या प्रेमापोटी. मी चष्मा पुसून पाहिलं. नळामागे तुझ्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, मोकळी जागा. मला वाईट वाटलं, बाटली. फार वाईट वाटलं, आणि रागही आला. घरी आल्यावर मन निवलं. तू इकडे फिरकलीस त्याला किती काळ लोटला, कोणीतरी लांबून मापं पाठवली असतील, खड्डा अजून आहे हे तुला कुठून कळणार? नकाशा बदल असं मी म्हणत नाही. ते तुझं काम, त्यातलं मला काय कळतं. पण येत्या गुरुवारी मुलांनी त्या नकाशावाल्या ताईंना बोलावलंय, त्यांना प्रश्न विचारायचे आहेत, आणि बोलावणं पोचवायचं काम माझ्याकडे दिलंय. तयारीने ये, कारण ती पोरं कोणाचं ऐकून घेणारी नाहीत. दर वर्षी नवा वर्ग आला की मी त्यांना एका मुलीची गोष्ट सांगते, जिने मोरीत अख्खं घर ओतलं आणि फणीशी भांडण केलं. ती त्यांची फार लाडकी आहे. नकाशावाल्या ताईंवर मात्र सगळे भयंकर चिडलेत. या दोघी एकच आहेत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माझ्याच्याने सांगवलंच नाही. ते तू येऊन सांग.

तुझीच,
बाई