काळी दोनमधली कॅसेट

आई, मागच्या आठवड्यात लेकीने तिच्या फोनवर आपली कॅसेट लावली. कॅसेट नव्हे खरं तर, तोच अल्बम. त्या इंग्रज पोरांचा, ज्यात वाजवणारी माणसं कमी आणि यंत्रं जास्त. पहिल्या गाण्याचे पहिले चार सूर आले आणि मी आतून ओरडले, "पट्टी उतरली आहे!" तिला काही कळलं नाही. तुला कळलं असतं, म्हणून तुला लिहायला बसले.

तिकडे आखातातलं, मनामातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं ना? एसी बाहेरच्या खोलीत, म्हणून तू मधलं दार सताड उघडं ठेवायचीस, आणि गार वाऱ्याबरोबर माझा टेपरेकॉर्डरही तुझ्या फोडणीत येऊन पडायचा. बाजारातल्या कॅसेटच्या दुकानात तेव्हा काहीही उतरवून मिळायचं. मूळ रेकॉर्ड आम्ही पोरांनी डोळ्यांनी पाहिलेली नसायची. हा अल्बमही असाच उतरवलेला. दुकानदाराने बॉलपेनने गिचमिड केलेल्या नावाखाली तू ठसठशीत अक्षरात लिहिलंस, "यंत्रांचे". पहिल्यांदा ऐकलास तेव्हा पोळी लाटता लाटता थांबलीस. "काय गं, यांचा तबलजी रजेवर गेलाय का?" मी फणकारले, तबलजी नाहीच, ते मशीन आहे. "मग बरंय," तू म्हणालीस, "मशीनला चहा करावा लागत नाही." पण आठवड्याभरात भांडी विसळताना तू त्याच गाण्याचे सूर गुणगुणत होतीस, तेही सरगम करून. मी दाराआड उभी राहून हसत होते.

मग शाळेचं गॅदरिंग आलं. मला स्टेजवर जायचं होतं, आई, अगदी जीव टाकून जायचं होतं. दरवर्षी मी पडद्यामागे खुर्च्या लावणारी. त्या वर्षी माझ्या मल्याळी मैत्रिणीने ठरवलं, आपण या अल्बममधलं पहिलं गाणं वाजवू. तिच्याकडे कीबोर्ड होता, त्यात तालाचं बटणही होतं, आणि मामाने लंडनहून आणलेली खरी रेकॉर्ड होती. गाण्यात दोन धुना एकमेकींच्या मागे पळतात, म्हणजे दुसरं वाद्य हवंच. दुसरा कीबोर्ड कुठून आणणार? तू पेटीवरचं कापड काढलंस. "पेटीवर? हे?" मला रडू यायचं बाकी होतं. "सुराला काय माहीत तो पेटीतून येतोय की मशीनमधून," म्हणालीस, आणि शेजारी बसवून ते अख्खं गाणं माझ्या बोटांत घातलंस. कॅसेट लावायची, थांबवायची, मागे न्यायची. काळी दोन धरलीस आणि पट्टी तिथे बसवून टाकलीस. मैत्रीण राहायची लांब ईसा टाउनला, बाबांची सित्राला शिफ्ट, गाडी एकच; त्यामुळे ती तिच्या घरी रेकॉर्डवर बसवत होती आणि मी आपल्या घरी कॅसेटवर. एकच गाणं आहे, चुकणार कुठे?

गॅदरिंगच्या सकाळी गोधडीत गुंडाळलेली पेटी डिकीत घालून आपण शाळेत गेलो. हॉलमध्ये तालीम. तिने बटण दाबलं, ताल सुरू झाला, आम्ही दोघींनी एकदम सूर लावला आणि असा काही भेसूर आवाज निघाला की पहिल्या रांगेतले सर उठूनच उभे राहिले. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. ती म्हणते माझं बरोबर, मी म्हणते माझं बरोबर, आणि दोघीही अल्बमची शपथ घेतोय! सर म्हणाले, "सॉरी गर्ल्स, टाइम नाही आहे. आयटम कॅन्सल." मी पेटीवर गोधडी ओढायला लागले.

तू मागच्या खुर्चीवरून पदर खोचत आलीस. "सर, दो मिनिट. इतने में खलास मत कीजिए." मग तिला म्हणालीस, "बेटा, गाने का पहला सुर बजाओ, सिर्फ पहला." तिने वाजवला. तू डोळे मिटून ऐकलास आणि मोठ्याने हसलीस. भर हॉलमध्ये, सरांसमोर. "अगं, आपल्या दुकानदाराने मूळ गाणं पळवत टेप उतरवलीये. अख्खा अल्बम अर्ध्या सुराने चढलाय!" आपली पेटी सरकत्या पट्टीची, हे त्या हॉलमध्ये तुझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या सुरांची पट्टी उचललीस, एक घर खाली सरकवलीस, खट्. "बोटं तिथेच ठेव. काही बदलू नकोस." आणि माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "खरं तर त्यांचीच उतरलेली आहे. पण जाऊ दे, आज आपण खाली येऊ."

आणि जुळलं, आई! दोन्ही धुना अशा पळाल्या की सरांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये वाजवताना मी एकदाच खाली पाहिलं. बाबा कंपनीच्या कपड्यांतच धावत पोचले होते आणि तू, यंत्रांना नावं ठेवणारी, खुर्चीच्या दांडीवर त्या मशीनचा ताल धरून बसली होतीस. टाळ्या पडल्या तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. इतका आनंद मला पुढे पुष्कळ वेळा झाला, पण तो पहिला होता.

घरी आल्यावर तू पट्टी मुकाट्याने पुन्हा काळी दोनवर नेलीस. पेटी आता माझ्याकडे आहे. हे पत्र टाकायला पेटी आहे, पोस्टाची नाही; भात्याच्या फटीत सरकवून ठेवीन. फक्त एक सांगते, लेकीला बोलू नकोस. ती कॉलेजला गेली की मी तिचाच अल्बम माझ्या फोनवर लावते. त्यात वेग वाढवायची सोय आहे, वेगाबरोबर सूरही चढतो. भाता भरून घेते, एका हाताने पेटीचा सा धरते आणि दुसऱ्याने गाणं हळूहळू वर ढकलते, काळी दोनला भिडेपर्यंत. तू म्हणत होतीस तेच खरं, आई. उतरलेली त्यांचीच आहे.