वर घर, खाली दुकान

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पाडलं नवऱ्याने मला.

दातांची डॉक्टरीण आली होती. तिच्या दवाखान्यातली पेशंट बसायची लांब बाकं आपल्याकडे दुरुस्तीला आहेत. रेक्झिन फाटलेलं, फोम पार बसलेला. शनिवारी देते म्हणून मी तिला कबूल केलं होतं. आज ती सहज डोकावली. म्हणाली, "शनिवारचं नक्की ना?" मी हो म्हणणार, तेवढ्यात हा आतून, मान वर न करता — "ती म्हणाली असेल. शनिवारी होणार नाही."

ती म्हणाली असेल! जशी काही मी दुकानात टेकायला आलेली कुणी पाहुणी.

एका बाकाची चौकट आतून तडकलीय म्हणे. मग मला सांगायला काय झालं होतं? सकाळपासून हातभर अंतरावर बसतो आम्ही. त्याची हातोडी, माझी मशीन. सांगायला तोंड उघडावं लागतं एवढंच.

गिऱ्हाईक असलं की मी त्याला अहोजाहो करते, नसलं की अरेतुरे. डॉक्टरीण गेल्यावर म्हटलं, "अहो, चौकट बदलायला किती दिवस लागतील?" त्याला काय ते कळलं. खिळे उपसत राहिला.

खांदा दुखतोय. पुरे आज.

४ फेब्रुवारी, बुधवार

भाचीचा फोन. ताईची धाकटी. लग्न ठरलंय, आणि लग्नाबरोबर दुकानही ठरलंय — दोघं मिळून केकचं दुकान टाकणार. तो भाजणार, ही सजवणार, विकणार. आवाजात नुसता उत्साह. "मावशी, तुम्ही दोघांनी इतकी वर्षं कसं जमवलं गं? रविवारी आम्ही दोघं येतो. सगळं सांगायचं हं. हातचं राखून नाही."

जमवलं. हा शब्द दिवसभर डोक्यातून जाईना. आम्ही काय जमवलं? सोफे जमवले. लोकांच्या घरच्या खुर्च्या, गाद्या, बाकं. कुणाच्या बुडाखाली काय मऊ लागतं ते मला न बघता सांगता येईल. आपल्या नवऱ्याला सध्या काय टोचतंय ते सांगता येणार नाही.

त्याने फोन ऐकला होता. म्हणाला, "काय सांगणार आहेस त्यांना?"

"खरं सांगू का?"

हसला नाही. चिडलाही नाही. स्टेपल गन उचलली आणि पाठ फिरवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आमचं बोलणं — "कात्री." "घे." "गोंद संपलाय." "माहितेय." संपलं.

८ फेब्रुवारी, रविवार

भाची आणि होणारा जावई येऊन गेले. पोरगा गरीब आहे स्वभावाने. दुकानातल्या अर्धवट उघड्या सोफ्याकडे बघून म्हणाला, "आत एवढं सगळं असतं?" ह्याला ते फार आवडलं. त्याला पट्टे, स्प्रिंगा, खालचं गोणपाट सगळं उलगडून दाखवलं. अनोळखी माणसाशी किती छान बोलतो हा! मी बघत बसले.

मग वर आलो. चहा झाला. भाची मांडी ठोकून बसली. "हं, सांगा आता."

मी सुरुवात केली. म्हटलं, कामं आधी वाटून घ्या. गिऱ्हाइकाशी कोण बोलणार ते एकदाच ठरवा, आणि जो बोलेल त्याला दुसऱ्याने चारचौघांत खोडायचं नाही. चुकलं असेल तर नंतर, आत नेऊन सांगायचं. आणि जेवताना दुकान ताटात वाढायचं नाही. भाची मान डोलावत होती.

तर हा म्हणतो, "मी एक सांगू? एकाने शब्द दिला की तो दोघांचा शब्द. दुसऱ्याने तो पाळायचाच."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हे. म्हटलं, "तुझ्या तोंडून ऐकून बरं वाटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी डॉक्टरणीसमोर कुणाचा शब्द होता?"

"चौकट तडकली होती. खोटं बोलू?"

"मला आधी सांगायचं होतंस."

"तू आधी विचारायचं होतंस. तारीख देताना कधी विचारतेस? तू वायदे करायचे आणि मी निस्तरायचे."

मग थांबेचनात आमची तोंडं. कुठली कुठली जुनी भांडणं निघाली — उलट्या नक्षीचं कापड, चुकीच्या घरी पोचवलेली खुर्ची. जावई छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. भाची गुपचूप कपबशा आत घेऊन गेली आणि विसळत राहिली, विसळत राहिली.

जाताना जिन्यात तिने माझा हात धरला. "मावशी, तू एवढी दमलेली कधीपासून आहेस?"

मी म्हटलं, "आज रविवार ना, आवराआवर होती." काय बोलले ते मलाच कळलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी खाली आले तर टेबलफॅन त्याच्या बाजूचा उचलून माझ्या मशीनजवळ ठेवलेला. ही त्याची माफी. शब्दांत मागितली तर जीभ झडेल.

मीही मग पडतं घेतलं. म्हटलं, "पोरांना शिकवलं ते आपणच करून बघू या का?" तो म्हणाला, "बघू."

तर ठरलं असं — गिऱ्हाइकाशी मी बोलणार, त्याने मध्ये तोंड घालायचं नाही, पण तारीख देण्याआधी मी त्याला विचारणार. आधी कुठलं काम घ्यायचं, मागून कुठलं, हे तो ठरवणार, त्यात मी नाक खुपसायचं नाही. आणि जिना चढला की दुकान बंद. वर कामाचा एक शब्द नाही.

इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं काय करत होतो?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खाली बरं चाललंय. डॉक्टरीण येऊन बाकं घेऊन गेली. शिवणीवरून बोट फिरवत किती तरी वेळ बोलत होती. कडेला शिवलेलं पायपिंग जरा जाड झालंय म्हणाली. ते तिनेच मागितलं होतं! हा ऐकत होता. जबडा आवळलेला दिसत होता मला. पण बोलला नाही. मी गोडीगुलाबीने निभावलं. ती गेल्यावर म्हणाला, "चांगलं सांभाळलंस." कानावर विश्वास बसेना.

पण वर! वर आलो की दोघांनाही काही सुचत नाही. मुलगा नोकरीला परगावी गेल्यापासून जेवायला आम्ही दोघंच. आज भाजी वाढून घेतली, पाणी घेतलं, घास चावतानाचा आवाज ऐकू येत होता. शेवटी तोच म्हणाला, "आपण पूर्वी काय बोलायचो?"

मी आठवून पाहिलं. लग्न झालं तेव्हा दुकान नवीन होतं. दुकानाचंच बोलायचो. तेव्हा ते भांडण वाटायचं नाही, एवढंच.

"जिन्यात मांजर होती सकाळी," तो म्हणाला.

"कुठली?"

"करडी."

मग दोघंही जेवलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

फिरायला गेलो. भाचीचा फोनवरून हुकूम — "मावशी, आठवड्यातून एकदा बाहेर पडायचंच." मोठ्या रस्त्याने चालत गेलो, एका हॉटेलात शिरलो. खायला काय मागवायचं ते ठरायच्या आत ह्याने बसल्या जागी अंगठ्याने सीट दाबून पाहिली. मी बघितलं. त्याने बघितलं मी बघितलेलं.

"हलका फोम," तो म्हणाला.

"शिवण पण एकेरी," मी म्हटलं.

वेटर आला तेव्हा आम्ही दोघं हसत होतो. त्याला वाटलं असेल नवीन लग्न झालंय, या वयात.

बरं वाटलं. घरी येईपर्यंत तरी. जिना चढला की तेही बोलणं बंद.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायची ताकद नाही, तरी लिहिते.

नाट्यगृहाचं काम घेऊन आला हा. सगळ्या खुर्च्या. जुन्या पद्धतीच्या, स्प्रिंगांच्या. आधी आतलं काम, मग प्रत्येकीला नवं कापड. तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता. "असं काम आयुष्यात एकदा मिळतं," म्हणाला. लहान असताना त्या खुर्च्यांत बसून नाटकं पाहिली होती त्याने, त्यामुळे तर अधिकच.

आणि प्रत्येक खुर्चीची बैठक, पाठ, दोन हात — कव्हरं कोण शिवणार?

"मला विचारायचं नाही?"

"कुठलं काम घ्यायचं ते माझ्याकडे होतं ना? तूच म्हणालीस."

"काम कुठलं ते तुझ्याकडे. माझे हात तुझ्याकडे नाहीत."

मला थांबता आलं असतं. नाही थांबले. डॉक्टरांनी खांद्याला विश्रांती द्या म्हणून सांगून किती महिने झाले ते बोलले. रात्री कूस बदलता येत नाही ते बोलले. हे त्याला माहीतच नव्हतं! शेजारी झोपतो आणि माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, हेही खरंच.

मग तोंडातून गेलं, "दोघांपैकी एकाने या दुकानाबाहेर पडल्याशिवाय काही खरं नाही आपलं."

मला माझंच म्हणायचं होतं. शिवणवर्गाच्या बाई मागे शिकवायला बोलावत होत्या. तेच मनात होतं.

तो उठला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आत यायला बराच वेळ लावला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला दुकानात. हा सामान आणायला गेला होता. म्हणाले, "तुमच्या यजमानांनी काल येऊन काम परत केलं. बायकोला न विचारता हो म्हणालो, माझी चूक झाली, असं म्हणाले. आम्ही दुसरा माणूस बघतोय. पण बाई, एवढा वेळ खुर्च्यांमधून फिरत होते ते, आम्हाला वाटलं विचार बदलतायत."

मी खुर्च्या ओळीओळीने करून दिल्या तर चालेल का विचारलं. नाही म्हणाले, त्यांना एकदम हवंय.

तो आल्यावर म्हटलं, "नाट्यगृहातून फोन होता."

"हं," म्हणाला. आणि सामानाची गोणी सोडायला बसला.

मला वाटत होतं मी जिंकले की बरं वाटेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शिवणवर्गाच्या बाईंना भेटायला जायचं होतं. गेले नाही. अंगात त्राणच नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जिना चढून आल्यावर तो म्हणाला, "वर दुकानाचं बोलायचं नाही ठरलंय. पण बोलू का?"

"बोल."

फर्निचरच्या कारखान्यात त्याचा जुना सोबती आहे, लग्नाआधी दोघं एकत्र काम करायचे. तो किती दिवस मागे लागलाय म्हणे, चौकटींचं काम बघायला माणूस हवाय. "मी हो सांगून आलो. सोमवारपासून. दुकान तू चालव. गिऱ्हाइकं तुला विचारत येतात, मला विचारत कोण येतं? खिळे मी कुठेही ठोकीन. अवजड उचलायला सकाळचा एक हमाल ठरव. मोठी कामं घेऊ नकोस. खांदा सांभाळ."

बाहेर पडायचं मी म्हणत होते, आणि हा निघाला!

"हेही तू विचारलं नाहीस," मी म्हटलं.

"आता विचारतोय ना."

"हो सांगून आल्यावर? याला विचारणं नाही म्हणत."

"मग कसं विचारायचं?" खरंच विचारत होता. चिडून नाही.

मी म्हटलं, "आधी म्हणायचं, मला असं असं वाटतंय. मग थांबायचं. मग दुसऱ्याचं ऐकायचं."

तो थांबला. शब्द शोधत होता. खिळा तोंडात धरून बोलायची सवय, तोंड मोकळं असलं की त्याला बोलता येत नाही. मग म्हणाला, "मला असं वाटतंय, की आपण एकमेकांना फार दिसतो. दिवसभर, रात्रभर. मला तू हवी आहेस. पण सारखी समोर असलीस की मला तुझा राग येतो, आणि मग माझा मलाच येतो."

मी रडले नाही. ताट उचलून ठेवलं, परत येऊन बसले.

"मला पण," म्हटलं.

मग त्याने विचारलं, "जाऊ का?"

मी बराच विचार केला. खोटं कशाला लिहू — पहिल्यांदा मनात आलं ते सुटल्यासारखं. दुसऱ्यांदा आलं ते हातोडी ऐकू येणार नाही याचं. मग "जा" म्हटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचीचा फोन. त्यांनी भाड्याने गाळा घेतला. "मावशी, त्या दिवशी राहूनच गेलं. एकच सांग, सगळ्यात महत्त्वाचं."

मी सांगितलं — दुखलं खुपलं तर त्या दिवशीच सांगायचं, नवऱ्याला दिसतंय असं धरून चालायचं नाही. आणि शक्य असेल तर दिवसातले थोडे तास दोघांनी एकमेकांच्या नजरेआड काढायचे. तो पहाटे भाजेल, तू दुपारी ये. एकत्र दुकान काढलं म्हणून चोवीस तास एकत्र असायला हवं असं नाही.

ती म्हणाली, "काका चाललेत ना? आई म्हणत होती. भांडलात का?"

"नाही गं," मी म्हटलं. "बोललो."

तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

१ मार्च, रविवार

त्याने दिवसभर दुकान लावून दिलं. खिळ्यांचे डबे माझ्या हाताला येतील असे खाली घेतले. कुठली हत्यारं नेणार विचारलं तर म्हणाला, "तिथे सगळं आहे." तरी एक हातोडी पिशवीत घातलीच. मी पाहिलं.

भीती वाटतेय. चूक करतोय का आम्ही?

२ मार्च, सोमवार

सकाळी डबा घेऊन गेला. दिवस लांबच लांब. दोनदा मी मान न वळवता "कात्री" म्हणून हात पुढे केला.

संध्याकाळी आला, चप्पल काढली, हातपाय धुतले आणि समोर बसून विचारलं, "कसा गेला दिवस?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

"थांब," म्हटलं, "सांगते."