मिल लेनवर बोलायचं आहे

सोमवार, ९ जानेवारी, लंडन
सुट्टी संपली, संसद आजपासून पुन्हा सुरू. या वर्षी साठ भाषणं करायची. मागच्या वर्षी एकेचाळीस झाली: शाळेतलं दूध, दीपगृहं, सायप्रस, कुत्र्यांचे परवाने, काय म्हणाल ते. हॅल्बीच्या खासदाराने न हाताळलेला विषय कोणी शोधून दाखवावा. शिवाय गोड बंद.
आज मासेमारीवर चर्चा. आमच्याकडे बोलायचं असेल तर दर वेळी जागेवरून उठायचं आणि अध्यक्षांची नजर पडते का ते बघायचं. मागच्या बाकावरून नजर पडायला वेळ लागतो. बावीस वेळा उठलो. एकदा नजर माझ्यावर थबकल्यासारखी वाटली. बोलायला मिळालं नाही, पण उपस्थिती जाणवली असणार.
गुडघा दुखतोय. चहाबरोबर फ्रूटकेक घेतला. त्यात फळंच जास्त असतात.

शनिवार, १४ जानेवारी, हॅल्बी
सकाळी टोस्ट भाजताना माझी बायको नोरा म्हणाली, विल्फ, या वर्षी मिल लेनवर बोल.
मी म्हणालो, योग्य वेळ बघतोय.
ती म्हणाली, सहा वर्षं?
मिल लेन म्हणजे गावाबाहेरचा अरुंद रस्ता. रेल्वेचा रूळ त्याला आडवा जातो. फाटक नाही, नुसती एक पाटी. सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या धुक्यात आमचा मुलगा मोटरसायकलवरून तिथून येत होता. एकोणीस वर्षांचा होता.
नोराला मी कितीदा समजावलंय, घरचं दुःख सभागृहात न्यायचं नसतं. लोक म्हणतील, मतांसाठी मुलाला पुढे केलं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. नोरा म्हणाली, तत्त्व असेल, पण टोस्ट जळतोय.
फाटकासाठी तिने स्वतःच सह्या गोळा करायला घेतल्यात. दारोदार जाते. चांगलंच आहे. तेवढाच तिचा वेळ जातो.

गुरुवार, २६ जानेवारी
मधमाश्यांवर बोललो. चार मिनिटं दहा सेकंद. सभागृहात सहा जण, त्यातला एक माझ्या भाषणाने जागा झाला. राज्यमंत्र्यांनी तीनदा मान हलवली. माझ्या सेक्रेटरी बेरिल स्टॉट म्हणतात, त्यांना मानेचा त्रास आहे.
हॅन्सार्डमध्ये सव्वा रकाना आला. सभागृहात बोललेलं सगळं त्यात छापून येतं, कायमचं. नेहमीप्रमाणे एक प्रत नोराला पाठवली. ती सगळ्या प्रती जिन्याखालच्या कपाटात ठेवते.

मंगळवार, ७ फेब्रुवारी
बेरिलबाईंचं वय बासष्ट. अर्ध्या माझ्या, अर्ध्या शेजारच्या खासदाराच्या. आजच्या टपालात सर्वांत वर मिसेस थ्रेलफॉलचं पत्र होतं. त्यांचं शेत मिल लेनला लागून आहे. गेल्या आठवड्यात शाळेची व्हॅन ऐन रुळांवर बंद पडली. ड्रायव्हरने आणि थ्रेलफॉलबाईंनी मिळून ती ढकलली. ती पलीकडे गेली आणि मागून आगगाडी गेली. व्हॅनमध्ये सात मुलं होती.
पत्र खाली सरकवलं, कारण आज पोस्ट ऑफिसांवर चर्चा होती. जेवून आलो तर पुन्हा वर. पुन्हा खाली ठेवलं. चार वाजता पुन्हा वर. बेरिलबाई म्हणाल्या, मिस्टर पिकर्सगिल, ते आपोआप वर येत नाही, मी ठेवते.
स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं: हा विषय सतत माझ्या डोळ्यांसमोर आहे. यात एक अक्षरही खोटं नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी, हॅल्बी
मागच्या वर्षीचं दीपगृहांवरचं भाषण हवं होतं म्हणून जिन्याखालचं कपाट उघडलं. सगळ्या प्रती आहेत. पाकिटांतच आहेत. पाकिटं फोडलेली नाहीत. कागद पिवळा पडू नये म्हणून असेल. नोराची जपणूक अशीच.
पाकिटांवर सह्यांचे गठ्ठे. तेवीसशे झाल्यात. वरच्या कागदावर तिने स्वतः, तिच्या ठळक अक्षरांत लिहिलंय, आमचा मुलगा इथे गेला. त्याखाली त्याचं नाव. मी कपाट लावून घेतलं.
जेवताना मीच विषय काढला. म्हणालो, बहुतेक मे महिन्यात संधी मिळेल.
नोरा म्हणाली, राहू दे विल्फ. मी तुला आता नाही विचारणार.
रागावली नव्हती. बटाटे वाढत होती. मी म्हणालो, विचार की. ती म्हणाली, नाही, खरंच नाही.
गावात तिला आता कोणी खासदाराची बायको म्हणत नाही. फाटकवाली नोरा म्हणतात. हे मला पेट्रोल पंपावर कळलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी
दहा दिवस झाले, फोनवर तिने खरंच विचारलं नाही. हवा, मांजर, बहिणीचा दमा, एवढंच. फोन ठेवला की खोलीत फार शांत वाटतं.
आज अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी अर्ज दिला. विषय: मिल लेन. बेरिलबाईंनी अर्ज दोनदा वाचला. चहा आणून दिला. असं त्या कधी करत नाहीत.

मंगळवार, १४ मार्च
चिठ्ठीत नाव निघालं. शुक्रवार २४, दुपारी अडीच. पंधरा मिनिटं माझी, मग उपमंत्र्यांचं उत्तर. अध्यक्षांच्या नजरेची वाट बघायला नको.
नोराला फोन केला. ती म्हणाली, निळा कोट धुवायला टाकते.
मग म्हणाली, त्याचं नाव घेशील ना?
म्हणालो, अगं म्हणजे काय, पहिल्याच वाक्यात.

गुरुवार, २३ मार्च
भाषण तयार. हा नववा मसुदा. आमच्या पक्षाचे प्रतोद क्रेल भेटले. म्हणाले, विल्फ, आकडे घाल, उपमंत्र्यांना आकडे आवडतात. आकडे घातले. पहिलं वाक्य मात्र तेच ठेवलंय. खोलीत मोठ्याने सराव केला. दुसऱ्या वाक्यापासून. पहिलं उद्याला ताजं राहावं म्हणून.
उत्तम तयारी. इतकी कधीच नव्हती.

शुक्रवार, २४ मार्च, दुपारी ४.१०
अडीचला सभागृह रिकामं. मी, उपमंत्री, क्रेल, खुर्चीत उपाध्यक्ष आणि विसरलेला चष्मा शोधायला आलेले एक गृहस्थ. वर गॅलरीत नोरा, निळ्या कोटात. शेजारी मिसेस थ्रेलफॉल.
एकदाच उठलो आणि लगेच नाव पुकारलं. आवाज खणखणीत लागला.
कागदावर होतं, मिल लेनवर माझा मुलगा गेला. मला ते स्पष्ट दिसत होतं. तोंडातून निघालं, या क्रॉसिंगवर सहा वर्षांपूर्वी माझ्या मतदारसंघातला एक तरुण मतदार दुर्दैवाने मृत्युमुखी पडला.
मग थांबलोच नाही. मार्ग कधी टाकला, अशी क्रॉसिंग किती, डेन्मार्कमध्ये काय करतात. चौदा मिनिटं. एकदाही अडखळलो नाही.
उपमंत्री तरुण आहेत, नवे आहेत, त्यांना काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी विषय अत्यंत संयमाने मांडला. विचार करू. त्या दुर्दैवी तरुणाच्या कुटुंबीयांना माझी सहानुभूती सदस्यांनी कळवावी.
मी मान हलवली. कळवतो म्हणून.
वर पाहिलं तर निळा कोट नव्हता.
बाहेर मिसेस थ्रेलफॉल एकट्याच उभ्या. म्हणाल्या, नोरा स्टेशनवर गेली. तुमच्यासाठी सांगून गेलीय, निरोप पोचला.

सोमवार, २७ मार्च
शनिवार-रविवार लंडनमध्येच काढला. काम होतं. काय काम होतं ते आठवत नाही.
हॅन्सार्ड आलं. तीन रकाने. माझं सर्वांत मोठं भाषण.
अकराला हॅन्सार्डच्या कार्यालयात गेलो. संपादक ओवेन प्राइस, सभ्य वेल्श माणूस. म्हणालो, एक छोटी दुरुस्ती आहे. चिठ्ठी दिली. ‘एक तरुण मतदार’ याऐवजी ‘माझा मुलगा रॉबिन’.
त्यांनी चिठ्ठी वाचली. उठून दार लावलं. म्हणाले, सर, व्याकरण आम्ही नीट करतो. सनावळी चुकली तर तीही नीट करतो. पण बोललं गेलं नाही ते घालता येत नाही.
मी म्हणालो, अहो, पण खरं हेच आहे.
म्हणाले, माहीत आहे सर. लिहून घेताना मीच होतो. आम्ही थांबलो होतो, तुम्ही नाव घ्याल म्हणून.
चिठ्ठी परत दिली. घडी घालून दिली.
बेरिलबाईंना सांगितलं, कुक्कुटपालनावरच्या चर्चेला नाव देऊ नका. त्या म्हणाल्या, दिलंच नव्हतं.

शनिवार, १ एप्रिल, हॅल्बी
नोरा घरी होती. बहिणीकडे गेली असेल असं मनात धरून आलो होतो. सूप केलं होतं, दोघांपुरतं.
तिला हॅन्सार्डचं सांगितलं, चिठ्ठीचंही. ती ऐकत होती. जेवण झाल्यावर म्हणाली, मग इथे म्हण. इथे कोणी लिहून घेत नाहीये.
मी खुर्चीवरून उठलो.
नोरा म्हणाली, बस रे, बसूनही बोलता येतं.
बसलो. तिने टेबलावर हात पुढे केला, माझ्या हाताजवळ. मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं असं मला वाटलं. आवाज आला नाही.
तिने पुष्कळ वाट पाहिली. सूपच्या वाट्या वाळून गेल्या. मग तीच दोनदा म्हणाली, रॉबिन, रॉबिन, लहान मुलाला शब्द शिकवावा तसं, आणि वाट्या घेऊन उठली.