पूजेचा पाऊण तास

अहो,
"पूजेला बसली की पाऊण तास उठंना, लय भक्ती आलीय," असं आई आज दाराआड पुटपुटायल्या होत्या. भक्ती नाही हो. तळहातावर इष्टलिंग असलं की या घरात मला कोणी हाक मारत नाही, म्हणून बसते. मोबाइलवर सांगतात, रोज शांत बसा, मन बरं होतं. मी बसून रडते. परवा तुम्ही पाहिलंत, "विभूती डोळ्यात गेली का?" विचारलंत आणि चहा मागितलात.

भाकरी टोपल्यात आहेत. चहा आज तुम्हीच करा, साखर डाव्या बरणीत. मी परभणीला चाललेय. कोणी विचारलं तर दात दुखतो म्हणून सांगू नका. मनाच्या डॉक्टरकडं गेली म्हणा. दोन वर्षं झाली, मला जगावंसं वाटत नाही.