समीक्षाचा पंचम

६ ऑक्टोबर, सोमवार
मागच्या पानावर लिहिलंय, 'समीक्षा वाटेल तिथे सूर लावते, तिला गळा नाही.' ते चूक आहे. खोडत नाही, इथे दुरुस्त करते. जुलैत एकेका मुलाकडून सा म्हणवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. तो आज पेटीवर ताडून पाहिला. मी सा देते, ती पंचमावर, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या प वर, जाते. सात वेळा म्हणवलंय, सातही वेळा पंचम. केसभर इकडेतिकडे नाही. दुसरीतली पोर.

आणि वर्गात मला एवढंच कळलं, की हा सा नाही. म्हणून तिच्या हातात टाळ दिला, गायला नको म्हणून. तेव्हापासून ती टाळच वाजवतेय.

नुसतं वहीत लिहिलं असतं तर निभावलं असतं. पालकसभेत तिच्या आईलाही हेच सांगून बसलेय, गळा नाही. त्यांनी विचारलं, खोटं कशाला बोलायचं, म्हणून.

७ ऑक्टो., मंगळ
गाण्याचा तास वाया. पहिली-दुसरी एकत्र, अठ्ठावीस पोरं. आमच्या घरची रीत, सा पक्का झाल्याशिवाय रे नाही. मला तीन महिने नुसत्या सावर बसवलं होतं. पण तेव्हा मी एकटी होते.

"बाई, आज बी नुस्ता सा हाय का?"
हो म्हटलं.
"मंग मी पानी पिऊन येतो."
त्याच्या मागे आणखी सहा जण. उरलेल्यांत कुणी खाली गुरगुरतंय, कुणी बेंबीच्या देठापासून ओरडतंय. मीही ओरडले. सुरात नव्हे.

८ ऑक्टो.
आबांशी बोलले. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात, वडील आणि गुरू एकच, त्यामुळे बोलणं अवघड. आमच्या पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, काळी पाचवर, त्यांनी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. घरात सगळ्यांचा सा तोच. शाळेतही मी तोच धरला, दुसरा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. म्हटलं, आबा, लहान पोरांना तो फार खाली पडतो. गळा तिथं पोचतच नाही.

"सा हलवायचा नसतो. पोरांनी सा-कडं यायचं."
"सात वर्षांची आहेत हो ती."
"तू बी सातचीच होतीस. लई रडलीस. पन आलीस का न्हाई?"

आले. त्या वर्षी माझा आवाज बसला होता, दोन महिने घरात खुणेने बोलत होते, असं आई सांगते. हे आबांना म्हणायला हवं होतं. चहा घ्यायला उठले.

९ ऑक्टो., गुरु
सा हलवला. काळी पाचचा पंचम म्हणजे पांढरी चार, तिथेच समीक्षा जाते, म्हणून तोच सा धरला. तिच्या हातातला टाळ घेतला तर तिचा चेहरा उतरला.
"म्या काय केलं, बाई?"
काही नाही, म्हण म्हटलं. म्हणाली. मग रे. मग ग. सरळ, पायऱ्या चढाव्यात तशी. मागून एकजण, "आता टाळ मला द्या, मला कायच येत न्हाई."

पण बाकीची निम्मी पोरं पांढरी चारला किंचाळायला लागली. पांढरी दोनवर आणलं तर जरा बरं. मग घंटा झाली. म्हणजे उद्या कुठून सुरू करायचं हे आजही माहीत नाही. मला गायला शिकवलं, शिकवायला कुणी शिकवलं नाही.

सुटताना समीक्षाला विचारलं, दिवाळीनंतर हेच पुढे घेऊ ना?
"मी न्हाई. मी कारखान्यावर जानार आईसंगं."

१० ऑक्टो., शुक्र
गिरणीवर तिची आई भेटली. शोभाताई. दरवर्षी नवराबायको ऊसतोडीला जातात. मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या,
"म्याडम, यंदा हिला नणंदंकडं ठिवायचं चाललं होतं, साळंसाठी. गान्याच्या तासाला लई खूष असायची. पन तुमी म्हनलात गळा न्हाई. मंग म्हनलं, ठिवून तरी काय? तिकडं कोपीवर, झोपडीत, धाकट्याला तरी धरंल."

आवाजात राग नव्हता. मी एक खात्रीची माहिती दिली होती, त्यांनी ती वापरली.

तिथेच सांगायचं होतं. गिरणी चालू, चार बायका रांगेत. मी म्हणाले, "बरं." काय बरं?

हेडसर म्हणाले, आईबाप तोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांची यादी सोमवारी वर पाठवायची. त्यात नाव असेल त्यांना सहा महिने शाळेतच दोन वेळ जेवण. समीक्षाचं नाव नाही.

११ ऑक्टो., शनि
दिवसभर वाक्यं जुळवतेय. 'तिला चांगला गळा आहे' म्हणू? तीन सुरांवरून? एकदा तीन सुरांच्याही आत निकाल देऊन बसलेय. आणि माझ्या शब्दावर मागे ठेवली, मग पोर आत्याकडे सहा महिने रडली, तर?

पण ती जाणार आहे तीही माझ्याच शब्दावर.

त्यांच्या घरी पेटी न्यायची नाही. पोरीला आईसमोर गाऊन दाखवायला लावायचं नाही. एवढंच: मी सभेत बोलले ते चूक होतं, चूक माझ्या शिकवण्यात होती, तिच्यात नाही. त्या विचारतील, मंग ठिवू का? याचं उत्तर अजून जमलेलं नाही. न जमताच जाणार.

उद्या रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी सातला, ती दोघं सोयाबीन काढायला निघायच्या आत.