सुमीचा बंब

५ डिसेंबर १९४३, भोर
लिहिण्याचे कारण: आज सुमीचा बंब परत आला. घरात तिचे नाव काढले की हे ताटावरून उठतात. कुठेतरी बोलणे भाग आहे, म्हणून वही काढली.
सकाळी आंबवड्याहून व्याह्यांची गाडी आली. तिच्या लग्नात दिलेला बंब, घंगाळ, दोन पातेली. गाडीवान सखाराम म्हणाला, "आईसाहेबांनी सांगितलंय, माघात दादांचं लगीन हाय. नव्या सूनबाईच्या डोळ्यांपुढं पयलीचं नाव नगं."
सुमी आषाढात तापाने गेली. जावई तरुण आहेत, लग्न करणारच. तक्रार नाही. विचारले, "चिमी कशी आहे?"
"खेळतीया की. लई वळवळी."
भांडी उतरवून घेतली. मनात एकच. भांडी आली, आता नातही येईल. दीड वर्षाचे सावत्र पोर नव्या बाईला कशाला हवे?

७ डिसें.
आपला बंब पुन्हा गळतो. न्हाणीघरात कोळसे विझून चिखल. बाबू तांबटाला बोलावले. त्याने उलटा करून बुडावर बोट दाबले. "बाई, डागावर डाग किती देऊ? बूड कागद झालंय. आन् नवा पत्रा लढाई संपेस्तोवर दिसायचा न्हाई." मग कोपऱ्याकडे बघून, "ह्यो काय पूजेला मांडलाय व्हय?"
"तो माझ्या मुलीचा."
त्याने बंबावर कोरलेल्या नावावर बोट ठेवले. "नाव घासून देतो. उभ्या उभ्या हुईल."
नावाला हात लावायचा नाही, असे सांगितले. जुना मोडीत नेला.
ह्यांच्या गुडघ्यांना सकाळी कढत पाणी हवेच. चुलीवर पातेल्या-पातेल्याने तापवायचे तर मोलकरीण हौसाची कुरकुर. बंब म्हणजे पाणी तापवायची वस्तू. घरात धड असताना न वापरणे हा वेडेपणा.

८ डिसें.
पेटवला. आधी जाळीतली राख काढली. सुमीच्या हातची असणे शक्य नाही, मधे इतके महिने गेले. तरी उकिरड्यावर टाकवेना. तुळशीत घातली. ह्यांना सांगितले नाही.
हे आत गेले. पाण्याचा आवाज नाही. दारावर थाप मारली, "गार होतंय."
आतून, "तुला जमतं तरी कसं ग?"
कोळसे घातले.

११ डिसें.
आंबवड्याला जाऊन आले. चिमीला न्यायचे म्हणून फडक्यात दुलई बांधून नेली होती. ती तशीच परत.
विहीणबाईंनी पाट दिला, चहा दिला. मी विषय काढताच म्हणाल्या, "मुलगी मागायला आलात? मग भांडी का घेतलीत?"
"तुम्ही पाठवलीत म्हणून."
"आम्ही पाठवणारच. तुम्ही गाडी माघारी लावायची होतीत. मागे पोर असताना लेकीची भांडी माहेर ठेवून घेतं का कुठं? आईची भांडी लेकीची. घेतलीत, वर बंब पेटवलात. सखाराम तूप घालायला आला होता, धूर बघून आला. तिचं होतं ते तुम्ही नेलंत, आमचं आहे ते आमच्यापाशी. मिटलं." आणि थांबून, "तुम्ही शिकलात त्या कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."
जावयांकडे पाहिले. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत. "आई म्हणते तसं," एवढेच.
चिमी स्वच्छ होती. केसांना तेल, डोळ्यांत काजळ. हयगय करता असे म्हणायलाही जागा नाही. मी हात पुढे केले तर विहीणबाईंच्या पदरात शिरली. त्यांना 'आई' म्हणते. माघानंतर आणखी कोणाला म्हणेल.
हनुवटी सुमीची. परत येताना रस्ता कसा सरला, आठवत—

१२ डिसें.
ह्यांना सगळे सांगितले. ओरडतील म्हटले, तर म्हणाले, "तुझी चूक नाही." ओरडले असते तर बरे झाले असते.
हौसा वेल्ह्याकडची. भांडी घासता घासता म्हणाली, "आमच्यात बी असंच हाय, बाईसाहेब. पोर असंल तर भांडी माघारी लावायची."
"मग तेव्हा का नाही बोललीस?"
"तुमी कुनाचं ऐकता व्हय?"
खरे आहे.
मी भांडी घेतली ती व्यवहार म्हणून. सोय म्हणून. जी एकच गोष्ट मला हवी होती, ती मीच त्यांना—

१३ डिसें.
ठरले, परत पाठवायचे. हौसाला विचारले, घेतलेले परत देता येते का? म्हणाली, "तसं कुनी केल्यालं ऐकलं न्हाई." म्हणजे मनाईही ऐकलेली नाही.
हे म्हणाले, "मी गार पाण्यानं न्हाईन."
"हा मूर्खपणा नको. चूल आहे."
दुपारी चिंच लावून बंब घासला. बाहेरून लखलखीत झाला. मधल्या नळीचा काळेपणा काही निघत नाही. वापरला हे लपणार नाही. लपवायचेही नाही. नावावरून बोट फिरवले. 'सौ. सुमती' एवढे अक्षर खोल आहे.

१४ डिसें. बाजार.
सखारामची गाडी दारात थांबवली. हौसाने आणि मी धरून चढवला. हे ओट्यावर काठी धरून उभे, मधेच आत गेले.
सखाराम कावराबावरा. "आईसाहेबांनी उतरूनच न्हाई घेतलं तर?"
"तर परत आण. मी पुन्हा पाठवीन."
"दर बाजाराला?"
"दर बाजाराला."
निरोप त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला: भांडी चिमीची आहेत, ती मोठी होईपर्यंत तिच्याजवळ राहावीत, आजोळाने काही घेतलेले नाही, मिटलेले नाही.
सखारामच्या ताब्यात दिले ते असे: तांब्याचा बंब एक, तोटी व जाळीसह, आतून काळा. घंगाळ एक. पातेली दोन. नाव चारींवर शाबूत.