जाणाऱ्याच्या समोर

आत्याबाई, त्या सकाळी धारा काढून झाल्या होत्या, शेण उकिरड्यावर टाकून झालं होतं आणि मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. बाहेर अंगणात भाऊजी नवा शर्ट घालून उभे होते. भोसरीच्या एका कंपनीत त्यांची मुलाखत होती. धाकटी जाऊ हंडा भरायला गेली होती. तुमचा मुलगा, माझे मालक, जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले असतील. दीर उपाशी निघालाय एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि पिठाच्या हातानं उंबऱ्यापर्यंत गेले. तुम्ही कुठून आलात कळलंच नाही. माझं मनगट धरलंत आणि मागच्या दारानं मला गोठ्यात नेलंत. "तुला कळत न्हाई का? तो कामाला निघालाय. आपल्यासारखीनं समोर जायचं नसतं." रागावला नव्हतात. म्हशीला बाजूला सरक म्हणायचात त्याच आवाजात बोललात. मग पेंडीच्या पोत्यावर बसलात, शेजारची जागा हातानं झाडलीत आणि म्हणालात, "बस. मी कवाधरनं हितंच बसते. वारं लई बरं येतं हितं."

मला हसू आलं होतं, मालक गेल्यानंतरचं पहिलं. बाहेर धाकटीनं भाऊजींच्या हातावर दही घातलं, भरला हंडा घेऊन त्यांच्या समोरून आली आणि भाऊजी "येतो" म्हणून गेले, हे सगळं आपण दोघींनी गोठ्यात बसून नुसतं ऐकलं. भाकऱ्या माझ्या मांडीवरच राहिल्या. त्या आपणच खाल्ल्या.

त्या काळात आपल्या वस्तीवरून माणूस असा निघायचा कितीदा? मंचरच्या बाजाराला जाणं हे काही जाणं नव्हतं. परीक्षा, मुलाखत, स्थळ बघणं, कोर्टाची तारीख, दवाखाना. वर्षातून पाच-सहा वेळा आपल्याला गोठ्यात जावं लागायचं आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं, कारण तिथं तुम्ही होता. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही विसरत चाललेली. तुम्हाला तर अक्षर येत नव्हतं. एकदा तुम्ही बाजारातून मेथीच्या जुड्यांखाली लपवून जुन्या मासिकांचा गठ्ठा आणलात. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेला. "वाच मला. नुसतं बसून अंग आंबतं," म्हणालात. मी एकेक शब्द लावत वाचायचे आणि तुम्ही मध्येच म्हणायचात, "पुढं काय झालं ते सांग की, अडकू नको राव." माझं वाचन त्या पोत्यावर झालं. आज मी तालुक्याच्या वाचनालयातून जाडी जाडी पुस्तकं आणते, त्याचं मूळ मेथीच्या जुडीखाली आहे.

तुम्ही गेलात आणि मी एकटीच गोठ्यात बसू लागले. तुमची नात, माझी पोरगी, शिकायला पुण्याला गेली तेव्हा मी गोठ्यात होते. डिप्लोमा करून आली, चाकणच्या कंपनीत नोकरीला लागली, तेव्हाही मी तिथंच होते. ही कंपनी दूध पिशवीत भरायची यंत्रं बनवते. देशभरातल्या डेअऱ्या ती घेतात आणि यंत्र बंद पडलं की कंपनीला फोन करतात. दूध कुणासाठी थांबत नाही, ते नासतं. म्हणून दुरुस्तीचं माणूस विमानानंच पाठवावं लागतं. ते माणूस म्हणजे तुमची नात. आत्याबाई, तुम्ही आख्ख्या आयुष्यात एसटीतून आळेफाट्याच्या पुढं गेला नाहीत, आणि तुमची नात सोमवारी चेन्नईत असायची, शुक्रवारी इंदोरला. सुरुवातीला डेअरीतली माणसं तिला विचारायची, साहेब मागून येताहेत का. ती पाना हातात घेऊन म्हणायची, मीच आलेय. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत आणि तीच ठरवते कुणी कुठं उडायचं.

पण मी सांगतेय ते पहिल्या वर्षाचं. महिन्यातून चार-पाच वेळा ती निघायची आणि प्रत्येक वेळी घरात तेच सगळं. दही, हंडा, आणि मी गोठ्यात. विमानाचं जाणं म्हणून भाऊजी जास्तच काळजी घ्यायचे. धाकटी मात्र दमली. "अक्का, हिच्यासाठी रोजच्या रोज विरजण लावायला लागतंय," म्हणायची. एकदा तर पोरगी सोमवारी निघाली, गुरुवारी येऊन शनिवारी परत जाणार होती, तर धाकटीनं तिच्या हातावर दोनदा दही घातलं. "एक आत्ताचं, एक शनिवारचं. शनिवारी मला कांद्यावर जायचंय." जीपवाला वस्तीतलाच, तोही बोलायचा. "काकू, तुमचा हंडा भरून हुईस्तोवर विमान दिल्लीत उतरंल!" सगळे हसायचे. मी गोठ्यातून ऐकायचे आणि हसायचे. हॉर्न वाजला, जीप वळली, की बाहेर यायचे. अंगणात धूळ असायची, दुसरं काही नाही. आकाशात जाणारं माझं एकुलतं एक लेकरू, आणि त्याला जाताना मी कधीच बघितलं नव्हतं.

मग कांदालागवडीच्या दिवसांतली ती दुपार. धाकटी माहेरी गेलेली. कंपनीचा फोन आला, गुवाहाटीजवळच्या एका डेअरीचं यंत्र बंद पडलंय, लगेच निघा. पोरीनं दहा मिनिटांत पिशवी भरली, जीप दारात आली. भाऊजी शेजारणीला बोलवायला पळाले, तर ती रानात. तिच्या पलीकडचीही रानात. रोपं लावायच्या दिवसांत वस्तीवर सवाष्ण सापडते का कुठं? भाऊजी घाम पुसत परत आले. मी तोवर गोठ्यात जाऊन बसले होते. पोरगी मागच्या दारानं आत आली, हात पुढं केला आणि म्हणाली, "आई, तू घाल."

"मी? विमानात बसणारेस तू. भलतं सलतं बोलू नको."

"मग मी अशीच जाते. उपाशी."

दही फडताळात होतं. मी घाईघाईनं घातलं, अर्धं खाली सांडलं. तिनं तळहात चाटला, पाया पडली आणि गेली. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं नाही.

आणि आत्याबाई, नेमकं त्याच खेपेला विमान भलतीकडं गेलं. म्हणजे पडलं नाही, तुम्ही घाबरू नका. गुवाहाटीवर धुकं होतं म्हणून ते कोलकात्याला नेऊन उतरवलं. रात्रभर तिचा फोन लागला नाही. सकाळी कंपनीचा फोन भाऊजींना. "मॅडम पोचल्या नाहीत अजून, घरी काही कळवलंय का?" दुपारी पोरीचाच फोन आला, पोचले म्हणून. पण तोवर धाकटी माहेराहून आली होती, तिला सगळं कळलं होतं. ती चांगली आहे, मनात ठेवत नाही, म्हणून तोंडावरच म्हणाली, "अक्का, मी तुम्हाला बोलत न्हाई. पण जरा थांबायचं तरी व्हतं. लेकरू वरती व्हतं." मलाही तेच वाटत होतं. मी ठरवून टाकलं होतं, परत कधी समोर जायचं नाही, तिनं पाय धरले तरी.

पाचव्या दिवशी ती आली. गळ्यात पांढरा गमछा, तांबड्या नक्षीचा. त्या डेअरीतल्या बायकांनी घातलेला. यंत्र चालू झाल्यावर पहिली पिशवी बाहेर पडली तेव्हा त्या टाळ्या वाजवत होत्या म्हणे. संध्याकाळी सगळे ओट्यावर चहाला बसलो. भाऊजींनी घसा साफ केला. "झालं ते झालं. पुढच्या टायमाला वैनींना त्रास नको. मी आधीच कुणाला तरी सांगून ठेवीन."

पोरीनं कप खाली ठेवला. "काका, त्या विमानात दीडशे माणसं व्हती."

"मग?"

"त्या दीडशे जणांच्या हातावर कुणी कुणी काय काय घातलं असंल. कुणी नारळ फोडला असंल, कुणी अंगारा लावला असंल. कुणाला सवाष्ण आडवी गेली असंल, कुणाला मांजर. ते सगळं बाजूला राहिलं आणि वस्तीवरच्या एका बाईच्या तोंडामुळं गुवाहाटीवर धुकं पडलं? आईत एवढी ताकद असंल तर तिला सरकारी पगार सुरू करा, काका. युद्धाला उपयोगी पडंल."

भाऊजींच्या नाकातून चहा आला. खरंच आला. धाकटी पदरात तोंड घालून हसत होती. पोरगी मात्र हसत नव्हती. "उद्या मला चेन्नईला जायचंय. आईनं समोर येऊन घातलं तर जाईन. न्हाईतर तुमीच कंपनीला फोन करा आणि सांगा, पोरीला पाठवत न्हाई."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, आता ते माझ्यावर होतं. मी म्हटलं असतं की नको गं, धाकटीच घालेल, तर सगळ्यांची सुटका झाली असती. माझ्या ओठावर तेच होतं. आणि तेवढ्यात मला तुम्ही आठवलात. माझ्यावर रागावलेल्या नाही, गोठ्यात बसलेल्या.

मालकांच्या पोटात कळ आली आणि त्यांना जीपनं दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी सवाष्ण होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. तुम्ही आई असून समोर आला नाहीत. मुलगा दवाखान्यात निघालाय, आपल्या पायानं काही वंगाळ व्हायला नको, म्हणून तुम्ही गोठ्यात जाऊन बसलात. नियम पुरा पाळलात. तरी ते परत आले ते कसे आले, तुम्हाला माहीत आहे. पुढं कितीतरी वर्षांनी, मी वाचत असताना, मध्येच तुम्ही म्हणालात, "त्याला जाताना बघायचं राह्यलं गं." मी वाचायची थांबले. तुम्ही म्हणालात, "वाच की."

मी ओट्यावर बोलले ते एवढंच. "आत्याबाई त्या दिवशी समोर आल्या नव्हत्या." कुणाला सांगायची गरज पडली नाही की कोणत्या दिवशी. भाऊजींनी कप उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला. मग म्हणाले, "वैनी, तुमीच घाला." आणि धाकटी उठून आत गेली, फडताळातलं विरजणाचं भांडं आणून माझ्यापुढं ठेवलं. "घ्या बाई. मी सुटले. हंडा पण तुमीच भरा, माझं खांदं गेलं."

तुम्हाला हे वाईट वाटलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, तुम्ही आधी मनगट धरलं असतंत. मग पोरीकडं बघून म्हणाला असता, लई बोलती ही. आणि मग गोठ्याचं दार लावून घेतलं असतंत, आपण दोघी बाहेर असताना.

आता त्या गोष्टीला वर्षं झाली. किती वेळा दही घातलं ते कोण मोजतंय. विमानं कधी वेळेवर गेली, कधी उशिरा, कधी माघारी फिरली, आणि पोरगी प्रत्येक वेळी आली. आता वस्तीवरची मुलं मुलाखतीला निघाली की मुद्दाम माझ्याकडं येतात. "काकूचा हात चांगला हाय, पोरगी विमानानं फिरती." मी घालते, पण त्यांना सांगते की बाबांनो, ते खोटं होतं तसं हेही खोटंच आहे, अभ्यास केलाय का ते सांगा. ती हसतात आणि तळहात चाटून जातात.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. मोठ्यानं वाचायचे ते तुमच्यासाठी, ती सवय तुमच्याबरोबर गेली. लिहून झालं की घडी करून ठेवून देईन. एक मात्र तुम्हालाच सांगते, पोरीला कधी सांगितलेलं नाही. भीती गेलेली नाही. ती निघाली की तिकडून फोन येईपर्यंत मी जेवायला बसत नाही, आणि दर वेळी मनात येतं की मागं राहिले असते तर बरं झालं असतं. तरी मी मागं राहत नाही.

ओट्यावरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी मी भरला हंडा घेऊन अंगणात तिच्या समोरून आले, तिच्या हातावर दही घातलं, आणि जीप सुरू झाल्यावर तशीच तिच्या शेजारी चढून बसले. पुण्याच्या विमानतळापर्यंत गेले, आणि ती काचेच्या दारातून आत जाऊन दिसेनाशी होईपर्यंत तिला बघत उभी राहिले.